लघुचित्रांसाठी बारीक ब्रश: कमी खर्चात चांगला कसा निवडावा

लघुचित्रकला शिकू लागलेला माणूस साहित्याच्या दुकानात जाऊन बहुधा एकच प्रश्न विचारतो, "तुमच्याकडे सगळ्यांत बारीक ब्रश कोणता आहे?" दुकानदारही मग तीन शून्यांचा, पाच शून्यांचा किंवा १०/० (म्हणजे दहा शून्ये) असा आकडा छापलेला, मोजून काही केसांचा ब्रश काढून देतो. खरेदीतली पहिली चूक इथेच होते. ब्रशवरचा क्रमांक केसांच्या जुडग्याची जाडी सांगतो, रेषेची जाडी सांगत नाही. रेषा किती बारीक येईल हे ठरते ते ब्रशच्या टोकावर. उत्तम टोक असलेल्या १ क्रमांकाच्या ब्रशने पापणीचा केस काढता येतो आणि टोक नसलेल्या पाच शून्यांच्या ब्रशने नुसता ठिपका उमटतो. हे एकदा नीट समजले की पैसे आपोआप वाचू लागतात, कारण आकड्यांच्या मागे लागून एकसारखे सहा ब्रश घेण्याऐवजी आपण टोक पारखून दोन किंवा तीनच ब्रश घेतो.

मला हे समजायला जवळजवळ एक वर्ष लागले. वसलीवर, म्हणजे कागदाचे थर चिकटवून आणि अकीकाच्या दगडाने घोटून तयार केलेल्या जाड कागदावर, मी एका चेहऱ्याची खुलाई करत होतो. रंग भरून झाल्यावर शेवटी ज्या बारीक रेषांनी आकृती उठावदार केली जाते, त्या कामाला खुलाई म्हणतात. हातात नवाकोरा १०/० चा ब्रश होता, पुण्यातला एप्रिल महिना होता, आणि रंगात बुडवलेला ब्रश भुवईपर्यंत नेईतोवर टोकावरचा रंग वाळत होता. प्रत्येक रेषा अर्ध्यावर तुटत होती आणि जोडलेल्या जागी गाठ दिसत होती. माझा हात कच्चा आहे असेच मी धरून चाललो होतो. पुढे एका जाणत्या चित्रकाराने माझ्या हातात २ क्रमांकाचा ब्रश ठेवला आणि तीच भुवई एका दमात काढायला सांगितली, तेव्हा ती निघाली.

त्यामागचे कारण साधे आहे. ब्रशचा मधला फुगीर भाग म्हणजे त्याचे पोट. केसांच्या मधल्या फटींत पाणी धरून ठेवले जाते आणि टोक कागदाला टेकले की ते पाणी पोटातून हळूहळू टोकाकडे उतरते. पोट मोठे असेल तर एकदा रंग घेतल्यावर तीन-चार इंचांची रेषा सलग निघते. अगदी बारीक ब्रशला पोटच नसते, म्हणून त्याच्याजवळ शिल्लक रंगही नसतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा फरक फार जाणवतो. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याच्या दमट हवेत काम करणाऱ्याला तो कदाचित इतका जाणवणार नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. ब्रश विकत घ्यायला निघण्यापूर्वी एखादी दुपार त्या दालनात घालवावी, असे मी मनापासून सुचवेन. दख्खनी किंवा पहाडी चित्रातल्या चेहऱ्याजवळ जाऊन पापणीची, झिरझिरीत ओढणीच्या काठाची, मोत्याच्या सरीची रेषा पाहावी. ती सगळीकडे सारख्या जाडीची नसते. ती अगदी नाजूक सुरू होते, मध्ये किंचित भरते आणि पुन्हा निमुळती होत संपते. अशी रेषा काढायला टोकही लागते आणि पोटही लागते. आपल्याला विकत काय घ्यायचे आहे, ते त्या रेषेकडे पाहून सगळ्यांत चांगले कळते.

केस कशाचे?

जुन्या परंपरेत चित्रकार आपले ब्रश स्वतःच बांधत असत. खारीच्या शेपटीचे केस टोके जुळवून एकत्र घेतले जात, दोऱ्याने बांधले जात आणि कबुतराच्या पिसाच्या पोकळ दांडीतून ओढून घट्ट बसवले जात. टोकाला कात्री लावायची नाही, हा त्यातला मुख्य नियम होता, कारण केसाचे निसर्गतः निमुळते होत गेलेले टोक हीच ब्रशची खरी किंमत असते. राजस्थानातल्या अशा ब्रशाचे टोक किंचित वाकलेले असते आणि सरावाच्या हाताला ते वळण फार उपयोगी पडते. परंतु नव्याने शिकणाऱ्याने या ब्रशच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. खारीचा केस फार मऊ असतो, दाबल्यावर तो उसळून परत येत नाही, आणि हात पक्का नसेल तर रेषा हातातून निसटते. शिवाय आपल्या अंगणातली पट्टेरी खार हा रानचा जीव आहे, तिच्या केसांचा व्यापार वाढावा असे कोणालाच वाटू नये.

पाश्चात्त्य जलरंगकारांमध्ये कोलिन्स्की सेबलचे ब्रश सर्वोत्तम मानले जातात. हे केस सायबेरियन वीझल या प्राण्याच्या शेपटीचे असतात. विन्सर अँड न्यूटन या इंग्रज कंपनीची 'सीरिज ७' ही मालिका याच केसांची आहे. १८६६ साली राणी व्हिक्टोरियासाठी हे ब्रश बनवण्याचा हुकूम झाला आणि तिच्या आवडीच्या ७ क्रमांकावरून मालिकेला नाव मिळाले, असे सांगितले जाते. याच मालिकेत आखूड केसांचे, खास लघुचित्रांसाठीचे ब्रशही मिळतात. ते उत्तम असतात यात शंका नाही, पण असा एक ब्रश भारतात घ्यायचा तर हजारापासून दोन-अडीच हजारांपर्यंत खर्च येतो, आणि तेवढ्या पैशांत चांगले सिंथेटिक ब्रश डझनाहून जास्त येतात. यात आपल्या देशाशी जोडलेली एक गोष्टही आहे. हिमालयात आढळणारा हा प्राणी भारताने साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंदवलेला आहे. त्यामुळे त्याच्या केसांच्या वस्तू सीमेपार नेताना कागदपत्रे लागतात, आणि २०१३ मध्ये याच कारणावरून अमेरिकेत कोलिन्स्की ब्रशची आयात अडली होती.

आता मुंगसाच्या केसांविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. उत्तरेकडे मुंगसाला नेवला म्हणतात आणि 'नेवल्याच्या केसांचा ब्रश' आपल्याकडे वर्षानुवर्षे उघडपणे विकला जात असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे. त्याला मारणे, त्याचे केस बाळगणे आणि त्यांचा ब्रश विकणे हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये केंद्रीय वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावाने छापे घातले, त्यांत उत्तर प्रदेशातल्या बिजनोर जिल्ह्यातील शेरकोट या ब्रशनिर्मितीच्या गावाचाही समावेश होता. एका ब्रशसाठी केस कापून घेऊन मुंगसाला सोडून दिले जाते, अशी कल्पना कोणी करून घेऊ नये. ते प्राणी मारले जातात. हा ब्रश ओळखता येतो. त्याचा एकेक केस टोकाशी गडद तपकिरी, मध्ये फिकट पिवळसर आणि खाली पुन्हा गडद असतो, त्यामुळे सगळ्या जुडग्यावर आडवे पट्टे दिसतात. सिंथेटिक ब्रशचा रंग बहुधा एकसारखा असतो आणि त्याला नायलॉनची चकाकी असते. कमी किमतीच्या, कंपनीचे नाव नसलेल्या ब्रशवर नुसते 'सेबल' लिहिले असेल आणि केसांवर असे पट्टे दिसत असतील, तर तो घेऊ नये. परदेशात राहणाऱ्या मराठी चित्रकारांनी सुट्टीत इथून ब्रश नेताना याची विशेष काळजी घ्यावी.

'कॅमल हेअर' या शब्दानेही फसू नये. या नावाच्या ब्रशमध्ये उंटाचा केस नसतो. खार, तट्टू, बकरी अशा वेगवेगळ्या प्राण्यांचे मऊ केस या एका नावाखाली विकले जातात आणि बारीक रेषेसाठी त्यांचा उपयोग थोडाच होतो.

राहिला सिंथेटिक ब्रश. माझ्या मते लघुचित्र शिकणाऱ्याने पहिली दोन-तीन वर्षे हाच वापरावा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे तंतू टोकाकडे निमुळते करून हे ब्रश बनवतात. दाबल्यावर ते लगेच सरळ होतात, साबणाने निर्धास्त धुता येतात, त्यांना कसर लागत नाही आणि कोणत्याही जिवाचा प्रश्न उद्भवत नाही. ॲक्रिलिक रंग वापरणाऱ्याने तर दुसरा विचारच करू नये, कारण ॲक्रिलिक केसांच्या मुळाशी शिरून वाळले की महागातला नैसर्गिक ब्रशही कायमचा फिसकटतो. मातीच्या मूर्तीसाठीही हेच खरे आहे. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना ब्रश खरबरीत पृष्ठावर घासला जातो आणि टोक लवकर झिजते, तेव्हा तिथे स्वस्त आणि सहज बदलता येणारा सिंथेटिक ब्रशच शहाणपणाचा ठरतो. सिंथेटिकचे दोष दोन आहेत. तो नैसर्गिक केसापेक्षा कमी पाणी धरतो आणि काही आठवड्यांच्या वापरानंतर त्याचे टोक आकड्यासारखे एका बाजूला वळते. दुसऱ्या दोषावर थोडाफार उपाय आहे, तो पुढे सांगतो.

दुकानात ब्रश कसा पारखावा

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात किंवा मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या स्टेशनरी बाजारात जायचे असेल, तर शाळा सुरू होण्याचे दिवस आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांच्या आधीचे दिवस टाळावेत. त्या गर्दीत कोणताही दुकानदार ब्रश पारखू देणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही. एरवी सकाळच्या निवांत वेळी जाऊन, "बारीक काम करतो, एकेक ब्रश पाहून घ्यायचा आहे," असे सांगितले तर बहुतेक जण वाटीभर पाणीही देतात. मी स्वतःची छोटी डबी, कागदाचा तुकडा आणि भिंग घेऊनच जातो.

नवा ब्रश खळीने किंवा डिंकाने ताठ केलेला असतो, त्यामुळे दुकानातल्या उभ्या पेल्यात सगळेच ब्रश सुईसारखे टोकदार दिसतात. त्या टोकावर विश्वास ठेवू नये. आधी कोरडाच ब्रश उजेडासमोर धरून पाहावा. सगळ्यांपेक्षा लांब गेलेला एखादा केस, बाहेर डोकावणारे केस किंवा मधली फट दिसली तर तो बाजूला ठेवावा. मग केस ज्या धातूच्या नळीत बसवलेले असतात त्या फेरूलकडे पाहावे. ती दांडीवर हलत नाही ना, तिच्यावर उभा जोड दिसतो का, आणि ती दांडीला दोन ठिकाणी दाबून पक्की केली आहे का, हे तपासावे. जोड नसलेली, निकेलचा मुलामा दिलेली पितळी फेरूल चांगली. जोडाच्या फटीतून पाणी आत जाते, दांडीचे लाकूड फुगते, वरचा रंग तडकतो आणि थोड्याच दिवसांत ब्रश खुळखुळू लागतो.

दुकानदाराची परवानगी घेऊन ब्रश पाण्यात बुडवावा आणि बोटांच्या चिमटीत हलकेच फिरवत खळ पूर्ण जाऊ द्यावी. याला अर्धा मिनिट तरी लागतो, घाई करू नये. नंतर ब्रश पाण्याने भरून मनगटाला एकच हलका झटका द्यावा. थेंब उडून गेल्यावर केस आपोआप एका टोकात जमले पाहिजेत. जमण्यासाठी ओठांनी किंवा बोटांनी मदत करावी लागत असेल तर तो ब्रश आपल्या कामाचा नाही. दोन टोके फुटलेली दिसली तर पुन्हा एकदा भिजवून झटका द्यावा, कारण कधीकधी खळ राहून गेलेली असते. दुसऱ्या वेळीही तसेच झाले तर ब्रश परत ठेवावा.

यापुढची परीक्षा अंगठ्याच्या नखावर करतात आणि मला ती सर्वांत भरवशाची वाटते. ओल्या ब्रशचे टोक नखावर टेकवून किंचित दाबावे. केस पंख्यासारखे पसरतील. मग ब्रश उचलावा आणि भिंगातून पाहावे. चांगल्या ब्रशचे केस उचलताक्षणी सरळ होऊन पुन्हा एकत्र येतात. वाईट ब्रश वाकलेलाच राहतो किंवा एखादा केस बाजूला उभा राहतो, आणि तो एक केस उद्या चित्रातल्या गालावर नको तिथे दुसरी रेषा ओढणार असतो. त्यानंतर टोक नखावर ठेवून, दाब न देता, ब्रश चिमटीत गोल फिरवावा. टोक एकाच बिंदूवर फिरले पाहिजे. ते लहानसे वर्तुळ काढत असेल तर केस मध्यावर बसलेले नाहीत.

शेवटी कागदावर पाण्यानेच एक लांब रेषा ओढावी. एकदा भिजवलेल्या १ क्रमांकाच्या ब्रशने निदान तीन इंच रेषा न तुटता, न फुगता निघाली पाहिजे. रेषा ओढताना दाब हळूहळू वाढवून पुन्हा कमी करून पाहावा. वस्तुसंग्रहालयात पाहिलेली ती मध्ये भरणारी आणि शेवटी निमुळती होणारी रेषा ज्या ब्रशने पाण्यातही उमटते, तो घ्यावा. एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेच्या पाच ब्रशांतून मला सहसा दोन या कसोटीला उतरलेले दिसतात. ब्रश हाताने बांधले जातात, त्यामुळे असा फरक पडतो. म्हणूनच नाव वाचून ब्रश घेण्यापेक्षा तो पारखून घेणे महत्त्वाचे आहे.

काय घ्यावे आणि किती घ्यावे

क्रमांकांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा ० दुसऱ्या कंपनीच्या २ इतका असू शकतो. त्यामुळे एकदा एखादी मालिका पसंत पडली की तिच्यातच राहावे, निदान आकडे तरी फसवत नाहीत. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिनच्या सोनेरी सिंथेटिक गोल ब्रशांची ६६ क्रमांकाची मालिका जवळजवळ कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते, किंमत आवाक्यात असते, आणि पारखून घेतल्यास तिच्यावर उत्तम सराव होतो. थोडा जास्त खर्च करता येत असेल तर एस्कोडा, दा विंची, प्रिन्स्टन यांच्या सिंथेटिक मालिका पाहाव्यात. त्यांचे तंतू पाणी अधिक धरतात.

सुरुवातीला तीन ब्रश पुरे आहेत. गदकारीसाठी, म्हणजे अपारदर्शक रंगाचे सपाट थर भरण्यासाठी, ३ क्रमांकाचा घ्यावा. खुलाईसाठी १ क्रमांकाचा घ्यावा आणि तो निवडायला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. परदाजसाठी, म्हणजे बारीक ठिपके आणि तुटक रेषांनी छटा देण्यासाठी, ० क्रमांकाचा आखूड केसांचा घ्यावा. परदाजमध्ये रेषा लांब नसते, त्यामुळे तिथे पोट थोडे कमी चालते. हौस म्हणून ०० घ्यायचा तर घ्यावा, त्याच्याखाली जाऊ नये. वेलबुट्टीच्या लांब देठांसाठी नेल आर्टचा लांब केसांचा लायनर ब्रश सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळतो आणि तो अपेक्षेपेक्षा बराच चांगला काम देतो. रंग कालवण्यासाठी मात्र वेगळा, जुना ब्रश हवाच. खुलाईच्या ब्रशने रंग कालवणे म्हणजे त्याचे आयुष्य स्वतःच्या हाताने अर्धे करणे होय.

ऑनलाइन खरेदीत पाण्याची आणि नखाची परीक्षा करता येत नाही. त्यामुळे बारा-पंधरा ब्रशांचा 'डिटेल सेट' स्वस्त दिसला तरी मोहात पडू नये. माझ्या अनुभवात अशा संचातले दोन किंवा तीनच ब्रश रेषेच्या कामाचे निघाले, म्हणजे त्या दोन-तिघांची खरी किंमत पूर्ण संचाएवढी पडली. मालिकेचे नाव आणि क्रमांक स्पष्ट लिहिलेला, परत करता येणारा एकच ब्रश आधी मागवावा. घरी आल्यावर वरच्या सगळ्या कसोट्या लावाव्यात आणि मगच आणखी मागवावेत. केसांवरची प्लास्टिकची नळी निघताना एखादा केस तिच्या काठात दुमडलेला आहे का, हे पाहावे. ती नळी एकदा काढल्यावर पुन्हा घालू नये. घालताना बाहेरचे केस हमखास मोडतात.

टोक टिकवणे

ब्रश फेरूलपर्यंत रंगात बुडवू नये, केसांच्या निम्म्यापर्यंत रंग पुरतो. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा करून ठेवू नये. काम संपल्यावर थंड पाण्यात, अंगाच्या सौम्य साबणाने, तळहातावर हलक्या हाताने धुवावा आणि फेस पांढरा येईपर्यंत धुवत राहावे. कपडे धुण्याची पावडर वापरू नये.

टोक जुळवताना ब्रश ओठांत धरण्याची सवय अनेकांना असते आणि ती मोडायलाच हवी. परंपरागत रंगांपैकी पिवळ्या हरताळात आर्सेनिक असते, हिंगुळात पारा असतो आणि जुन्या सफेद्यात शिसे असते. ओल्या बोटांनी टोक तितकेच चांगले जुळते.

सिंथेटिक ब्रशचे टोक वळले तर कपभर कडक गरम पाण्यात फक्त केस काही सेकंद बुडवावेत, बोटांनी सरळ करावेत आणि लगेच थंड पाण्यात धरावेत. तंतू बऱ्याच अंशी सरळ होतात. दोन-तीनदा असे करता येते, त्यानंतर ते वळण कायमचे राहते. हा उपाय नैसर्गिक केसांवर करू नये. वळलेल्या ब्रशचे टोक कात्रीने सारखे करण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. अशा ब्रशला गदकारीच्या कामाला लावावे, तिथूनही तो उतरला की रंग कालवायला घ्यावा. माझ्याकडे खुलाईचा ब्रश साधारण दोन-तीन महिने टिकतो आणि त्यानंतर आणखी वर्षभर तरी या दोन कामांत वापरला जातो.

पावसाळ्यात ओला ब्रश बंद डबीत ठेवला तर बुरशी धरते. तो आडवा ठेवून पूर्ण वाळू द्यावा, मगच डबी बंद करावी. नैसर्गिक केसांचा ब्रश असेल तर डबीत कडुनिंबाची सुकलेली पाने ठेवावीत आणि महिन्यातून एकदा डबी उघडून पाहावी, कारण कसर लागते ती बहुधा आपण बरेच दिवस हात न लावलेल्या ब्रशलाच.